चुलीमागे एक मत

आमच्या गावकीचा अध्यक्ष मधूच्या जिभेवर ठरायचा, असं मी बाहेर कुणाला सांगितलं की माणसं हसतात. हसू देत. ठाण्याला उतरा, कोपरीच्या अंगाला बाहेर पडा, नाकात खाडीचा वास शिरला की समजा आमचा कोळीवाडा आला. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत. वरच्या बायका आमचा वाळत घातलेला जवळा बघून नाकं मुरडतात आणि संध्याकाळी त्याच जवळ्यासाठी खाली उतरून घासाघीस करतात. पण गावकी अजून आहे, गावकीला अध्यक्ष आहे, आणि त्याला निवडायची रीत माझ्या आजेसासऱ्याच्याही आधीपासूनची.

रीत अशी, की माणसामागे मत नाही, चुलीमागे मत. एका चुलीवर दहा जण जेवत असले तरी मत एकच, आणि ते त्या चुलीचा थोरला टाकणार. मत म्हणजे शिंपला. देवळाच्या हॉलमध्ये प्रत्येक उमेदवाराचं एक मडकं मांडतात, तोंडाला फडकं बांधलेलं, फडक्याला हात जाईल एवढी चीर. हात सगळ्या मडक्यांत घालायचा, शिंपला एकातच सोडायचा. कुणी कुणाला दिलं ते देवीला ठाऊक.

आता माणूस म्हटला की लबाडी आलीच. मत वाढवायला भाऊ-भाऊ खोटंच सांगायचे, आम्ही वेगळे झालो म्हणून. त्यावर जुन्या लोकांनी तोड काढली. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी गावचा चाखणारा घरोघर फिरतो. ज्याची चूल थंड, त्याला मत नाही. ज्याची पेटलेली, तिथलं कालवण तो तळहातावर घेऊन चाखतो. दोन दारांत एकाच हाताचं कालवण लागलं, तर चूल एक आणि मतही एक. मधूचा आजा चाखायचा, मग बाप, मग मधू. आता चुली जाऊन गॅस आले, पण मधू गॅसच्या शेगडीलाही चूलच म्हणतो. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ना, त्या मोजायला आमच्याकडे एक माणूस होता एवढंच.

मी मनुबाई. मी या घरात नवरी होऊन आलेली तेव्हा माझा धाकटा दीर धाकू हाफ पँटीत शाळेत जात होता. त्याचं नाक मी पुसलंय. तो मोठा झाला, त्याच्या हळदीला मी अशी नाचलेली की दुसऱ्या दिवशी पायरी उतरता येईना. मग लक्ष्मी आली, माझी जाऊ. पहिल्याच दिवशी भात अळणी झाला. तिला वाटलं मीठ मी घातलं, मला वाटलं तिनं. माझा नवरा, कान्हा, घास तोंडात धरून म्हणाला, "दोन दोन सुना आणि घरात मीठ नाय?" आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून एवढ्या हसलो की सासूबाईंनी डोक्यात टपली मारली. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. बाजारात टोपल्या घेऊन शेजारी बसायचो, घरी एका चुलीपाशी बसायचो. ती खेकडे, म्हणजे आमच्या चिंबोऱ्या, फोडायची, मी वाटण वाटायची. गिऱ्हाइकांची नक्कल, नवऱ्यांची नक्कल, सगळं त्या चुलीपुढे.

मग ती निवडणूक आली. कान्हाचा मामेभाऊ अध्यक्षाला उभा राहिला आणि कान्हा घरी येऊन म्हणाला, "उद्यापासून आपून वेगले."

लक्ष्मीनं भोकाडच पसरलं. सासूबाई म्हणाल्या, "गप गो. मतापुरतं खोटं हाय. रडतंस काय?" पण म्हातारी हुशार. तिला ठाऊक होतं की आम्ही दोघी तिच्याच हाताखाली शिकलेल्या, दोन पातेल्यांत रांधलं तरी मधूच्या बापाला एकच हात लागणार. तिनं आम्हांला समोर बसवलं आणि आमचे हात वेगळे केले. "लक्ष्मी, तू कालवणाला चिंच घाल. मनू, तू आंबोशी घाल. इसरायचं नाय." आंबोशी म्हणजे सुकवलेली कैरी. त्या संध्याकाळी मधूचा बाप दोन्ही दारांत चाखून गेला आणि दोन चुली मोजून गेला. आम्ही जिंकल्यासारख्या टाळ्या दिल्या.

मामेभाऊ पडला तो पडलाच. पण पुढच्या खेपेला कामाला येईल म्हणून दुसरी चूल तशीच राहिली. मग मध्ये प्लायवूड आलं. मग पोरं मोठी झाली, जागा लागली, प्लायवूडच्या जागी विटा आल्या. भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर मिटवलं तरी असतं. भिंतीत लक्ष्मीनं एक खिडकी ठेवून घेतली, वाट्या इकडून तिकडे द्यायला. बाकी एका ताटातलं जेवण गेलं ते गेलंच. मतापुरतं खोटं म्हणता म्हणता माझे केस पांढरे झाले.

कान्हा गेला. प्रणित, माझा मुलगा, त्याच्या आधीच डोंबिवलीला फ्लॅट घेऊन गेलेला. गावाबाहेरची चूल गावकीत मोजत नाहीत. राहिले मी, आणि माझी शेगडी, आणि कान्हाचा शिंपला. चुलीची थोरली आता मीच. रीत तशीच होती, पण विधवा बाया लाजून शिंपला दिराला नाहीतर पुतण्याला देऊन टाकायच्या. धाकूनंही हात पुढे केला होता. मी म्हटलं, "माजा हात मोडलाय काय?"

पहिल्यांदा हॉलमध्ये शिरले. पुरुष सगळे सतरंजीवर, बायका बाहेर ओट्यावर. मी चप्पल काढली, आत गेले, मडक्यात हात घातला. शिंपला तळाला जाऊन टक्‌ वाजला. बाई गं, तो आवाज! महापालिकेला, आमदाराला, खासदाराला मी मत देत आलेय, बोटाला शाई लावून घेतलीय. परवा तर महापालिकेला चार चार बटणं दाबली. पण तिथं मी हजारातली एक. इथं मडकं माझ्या ओळखीचं, उभे राहिलेले माझ्या ओळखीचे, आणि आवाज माझा. त्या दिवसापासून खाडीकाठच्या जागेचं काही असलं, पालखीचं काही असलं, की माणसं माझ्या दारात थांबून विचारायला लागली. "मनुबाय, तुजं काय म्हननं?" जन्मात कुणी मला विचारलं नव्हतं हो. कोळंबी कशी दिली, एवढंच विचारायचे.

लक्ष्मी मात्र खिडकीतून तेच तेच म्हणायची. "बाय, एकटीसाठी कशाला रांधतंस? इकडं ये ना जेवाला. पयल्यासारखं."

मला काय वाटत नव्हतं? एका बांगड्याचं कालवण करायचं, निम्मं दुपारी, निम्मं संध्याकाळी, समोर भिंत. कधी कधी पातेल्याशीच बोलायची मी. पण तिकडे जेवायला गेले की माझी चूल बंद, चूल बंद की शिंपला गेला. मी म्हणायची, "तुज्या नवऱ्याच्या चुलीत माजं मत जाळू काय?" मग थोड्या वेळानं खिडकीतून तळलेला तुकडा यायचा.

यंदा जुने अध्यक्ष थकले, खुर्ची रिकामी झाली. उभे राहणार दोघे. एक स्वानंद, ठाणे कोर्टातला वकील, बोलायला लागला की आपल्यालाच गुन्हेगार असल्यासारखं वाटावं. दुसरा काळुराम, बर्फाच्या गाड्यांचा धंदा करणारा. पण त्यांच्याआधी पोरांनीच दंगा घातला. धाकूचा मुलगा दिपेश सगळ्यांत पुढे. म्हणे, चुलीमागे मत बंद करा, अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला मत द्या, बाईला, सुनेला, सगळ्यांना. अध्यक्ष सगळ्यांचा, तर सगळे निवडतील.

हॉलमध्ये मीटिंग भरली. मीटिंग कसली, अर्धा हॉल रिकामा. पूर्वी पाय ठेवायला जागा नसायची. आता थोरले थकले आणि धाकट्यांना मत नाही, मग येतंय कोण?

स्वानंद उभा राहिला. "अरे, या देशाचा राष्ट्रपती तरी कोण निवडतो? तुम्ही-आम्ही जातो का मशीनवर? आमदार-खासदार निवडतात. आमदाराच्या मताला वजन असतं, त्याच्या राज्याची लोकसंख्या बघून. आणि ती पण आजची नाही, एकाहत्तरच्या जनगणनेची! पहिली पसंती, दुसरी पसंती, सगळं शांतपणे होतं. एवढ्या मोठ्या देशाला चालतं आणि आपल्या गावकीला चालत नाही? आपली चूल म्हणजे आपला आमदार समजा."

धाकूनं मोठ्यानं मान हलवली. मला पण पटलं. खरं सांगते, मला पटायचंच होतं. नवरा मातीत घालून मिळालेलं मत माझं. ते उद्या सगळ्यांना फुकट वाटणार?

तेवढ्यात बाहेरून ओट्यावरच्या खिडकीतून आवाज आला. मेघाली, दिपेशची बायको. माहेर दिवा गावचं, पाण्याच्या रांगेत भांडायला शिकलेली. कल्याणला शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. "वकीलसाहेब, अर्धंच सांगू नका. राष्ट्रपतीला आमदार मत देतो, बरोबर. पण त्या आमदाराला कुणी निवडलं? मी निवडलं, आईंनी निवडलं. त्याच्या मतामागे आमचं मत आहे. बाबांच्या शिंपल्यामागे कुणाचं आहे? आमच्या घरात कधी मतदान झालं?"

"बाहेरच्यांनी मधी बोलायचं नाय!" कुणीतरी ओरडला.

"तेच तर म्हणतेय मी," मेघाली म्हणाली.

मला हसू आलं, राग पण आला. तिच्याशेजारी लक्ष्मी बसलेली, खाली मान घालून सुपारी कातरत. ठरलं असं, की रविवारी याच प्रश्नावर चुलींनी शिंपले टाकायचे. लाल दोरा बांधलेलं मडकं म्हणजे सगळ्यांना मत, बिनदोऱ्याचं म्हणजे जुनी रीत. शनिवारी संध्याकाळी मधू चाखायला येणार. मी मनाशी पक्कं केलं, माझा शिंपला बिनदोऱ्याच्या मडक्यात.

आणि शुक्रवारीच मला ताप भरला. असा ताप की डोळे उघडवेनात. शनिवारी दुपारी लक्ष्मी आली, कपाळावर पट्ट्या ठेवत बसली. मी बरळत होते, "मधू येईल, चूल पेटाला पायजे." ती म्हणाली, "तू झोप. मी बगतंय." मला ग्लानी आली. मधेच पातेल्याचा आवाज ऐकला, मसाल्याचा वास आला, बरं वाटलं.

जाग आली तेव्हा दारात मधू. पातळ, वाकलेला, धुतलेला शर्ट, आमच्यातला एकच माणूस जो आयुष्यात तंबाखूला शिवला नाही, जीभ बिघडेल म्हणून. माझ्या शेगडीवर पातेलं गरम होतं. त्यानं पळी बुडवली, तळहातावर घेतलं, चाखलं, डोळे मिटले. मग शेजारी धाकूच्या दारात गेला. परत आला तो तोंड पाडून.

"वयनी, चिंच हाय."

मी उठून बसले. "काय?"

"दोन्हीकडं चिंच. हात एकच, लक्ष्मीचा. वयनी, चूल एक झाली."

मी त्याला सांगितलं, अरे मधू, मला ताप आहे, हात लावून बघ. हातापाया पडायची बाकी राहिले. जिभेला हाड नसतं म्हणतात, या माणसाच्या जिभेला होतं. "मी खोटं बोललो तर उद्या दुसऱ्याचं खरं कसं मानतील?" म्हणाला आणि डोळे पुसत गेला. बाहेर लगेच बोभाटा झाला, हात लक्ष्मीचा म्हणून मनुबायची चूल धाकूत गेली, आता शिंपला एकच, धाकूचा.

लक्ष्मी मागच्या दारात उभी होती. मी तिच्यावर अशी धावून गेले, ताप कुठल्या कुठे. "माज्या पातेल्यात चिंच? एवढी वर्षं झाली, तुला माजी आंबोशी दिसली नाय? बरणी समोर हाय! का मुद्दाम केलंस? तुला मी तुज्या चुलीत पायजे होते ना, घे, झाले! तुज्या नवऱ्याच्या मनासारखं झालं!"

तिचे हात तसेच वाटणाचे, लाल. नुसती बघत राहिली माझ्याकडे आणि निघून गेली. थोड्या वेळानं भिंतीतली खिडकी तिकडून बंद झालेली ऐकली. इतक्या वर्षांत ती खिडकी कधी बंद झाली नव्हती. मत गेलं, जाऊ गेली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. पडल्या पडल्या मी खूप रडले.

रविवारी तरीपण गेले. अंगात कणकण होती, पण घरात बसून काय करणार? सवयीनं दारापर्यंत गेले, चप्पल काढली, आणि आठवलं की आपल्याला आता आत जायचं नाही. परत चप्पल घातली. ओट्यावर बायकांच्यात जाऊन बसले. तिथून हॉल कसा दिसतो हे मी विसरूनच गेलेले. पाठी दिसतात. नुसत्या पुरुषांच्या पाठी. आत काय बोलतात ते अर्धं ऐकू येतं, मग शेजारची विचारते, काय म्हणाला गो? आणि आपण म्हणतो, काय की. माझ्या एका बाजूला मेघाली, पलीकडे म्हाताऱ्या, पोरी, माहेरवाशिणी. माझ्यापेक्षा शहाण्या बाया आहेत त्यांत. जन्म तिथं बसून काढला त्यांनी, आणि मी इतकी वर्षं त्यांच्यासमोरून ताठ मानेनं आत जात होते. एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं.

आत नावं पुकारायला लागले. "धाकू कान्हाची चूल!" दोन चुली एक झाल्या म्हणून भावाभावांची नावं जोडून घेतली. धाकू उठला, शिंपला घ्यायला हात पुढे केला.

"थांबा."

लक्ष्मी. माझ्या मागून उठून केव्हा दारात गेली कळलंच नाही. चप्पल काढली आणि आत सतरंजीवर पाय ठेवला. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्या हॉलमध्ये झाडू मारायला सोडून पाऊल टाकलं नव्हतं. "मधूभावजी, थंड चुलीला मत असतं काय?"

मधू म्हणाला, "नाय."

"मग काल माजी चूल पेटलीच नाय. हिला ताप, मी दोन्हीकडं कुठं उभी राहू? हिच्याच शेगडीवर मोठं पातेलं ठेवलं, हिचाच गॅस, निम्मं हिकडं ठेवलं, निम्मं गरम गरम घरच्या शेगडीवर नेऊन ठेवलं. हात माजा, म्हनून चिंच पडली. पन चूल बायची. मग मत कुनाचं?"

मग एकच कल्लोळ. स्वानंद कायद्यातलं काहीतरी बोलायला लागला. धाकू लालबुंद. "तू घरी चल, मग बगतो," म्हणाला. लक्ष्मी जागची हलली नाही. काल ती हेच सांगू शकली असती. पण सांगितलं असतं तर तिच्याच नवऱ्याचा शिंपला जाणार होता. हे ओझं डोक्यावर घेऊन ती माझ्या शिव्या खात उभी होती, आणि रात्रभर एकटीनं ठरवत बसली होती. देवा, काय काय बोलले मी तिला!

मधूनं धाकूच्या डोळ्यांत बघून विचारलं, "काल घरी शेगडी पेटली होती?"

धाकूला खोटं बोलता आलं असतं. कोण बघायला गेलं होतं? त्यानं दाराकडे बघितलं, माझ्याकडे. काय आठवलं त्याला, त्याचं त्याला माहीत. मला तर हाफ पँटीतला पोरगाच दिसला. "नाय," म्हणाला. "चहा पन वयनीकडनंच आलेला." मग ओरडला, "ये गो वयनी! कोन उचलून आनायला पायजे काय तुला?"

मी आत गेले. शिंपला हातात घेतला. लक्ष्मी परत बाहेर चाललेली, मान खाली घालून, कालच्यासारखीच. तिनं मला मत परत मिळवून दिलं आणि स्वतः निघाली ओट्यावर, पाठी बघायला.

बिनदोऱ्याच्या मडक्यात हात घातला. ठरवलेलं तेच होतं. शिंपला मुठीत गरम झालेला. आत एकटाच हात, कुणी बघत नाही, आणि मला लाज वाटली. हात काढला, लाल दोऱ्याच्या मडक्यात घातला, आणि सोडला. टक्‌ झालं. रीत आहे म्हणून मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं कुठे टाकला ते. आज तुम्हांला सांगितलं, कारण चुलीमागे मत आता उरलंच नाही.

लाल दोरा जिंकला. कितीनं ते सोडा. दिपेश-मेघाली नाचली, म्हाताऱ्यांनी कपाळावर हात मारला. मी सरळ लक्ष्मीकडे गेले. तिथं काय बोलायचं ते घोकत गेलेले, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "खिडकी का लावलीस?"

"वारा येत होता," ती म्हणाली.

"खोटारडी," म्हटलं मी, आणि मग दोघी रडलो. दिपेशनं दुसऱ्याच आठवड्यात भिंतीच्या विटा काढल्या. धाकू आठ दिवस बायकोशी बोलला नाही, मग भूक लागली तशी बोलायला लागला.

चैत्रात, पालखीच्या आधी, अध्यक्षाची निवडणूक लागली. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी शेगडीपाशी बसलेल्या. मी वाटण मिक्सरमधून काढत होते, ती चिंबोऱ्या फोडत होती. दारात सावली पडली. मधू. धुतलेला शर्ट.

"मधू, अरे आता चाखायचं नाय," मी म्हटलं. "आता मानसं मोजतात."

"ठाऊक हाय," तो म्हणाला. पण दारातून हलेना. संध्याकाळची ती वेळ, पाय आपले निघाले असतील घरातून. कुणाच्या दारात त्याला 'ये' म्हणाले नव्हते, चेहऱ्यावरच दिसत होतं. त्याच्या जिभेनं मला रडवलं होतं खरं, पण आमच्या घरात कुणाच्या हाताला काय चव आहे हे त्या एका माणसाला ठाऊक होतं. ते आता कोण कुणाचं लक्षात ठेवणार? लक्ष्मीनं पळीभर रस्सा त्याच्या तळहातावर घातला.

त्यानं चाखलं. डोळे मिटले. परत चाखलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"चिंच हाय," म्हणाला. "आनि आंबोशी पन हाय."

"मग? कुनाचा हात?" लक्ष्मीनं विचारलं.

"नाय सांगता येत," मधू म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो हरला आणि केवढा हसला! त्याला आत बसवलं, पोटभर जेवूनच पाठवलं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, अगदी जुन्या दिवसांसारखी. ओट्यावर नुसत्या चपला. सासवा, सुना, कॉलेजातल्या पोरी, डोंबिवलीहून प्रणितसुद्धा बघायला आलेला, गावाबाहेरचा म्हणून त्याला मत नाही, त्यावर भांडतच आलेला. आमच्या चुलीची मतं पाच. लक्ष्मी माझ्यापुढे उभी होती. हात मडक्यात घालताना तिनं डोळे मिटले, आणि शिंपला वाजला तशी दचकली. मग माझ्याकडे बघून अशी हसली, अळणी भाताच्या दिवशी हसलेली तशीच.

निवडून कोण आला? स्वानंद! ज्यानं सगळ्यांना मत नको म्हणून एवढा वाद घातला, त्यालाच सगळ्यांनी दिलं. मेघालीनं कपाळावर हात मारला. लोकशाही म्हणे.

दुपारी जेवायला बसलो. धाकू काळुरामवाला, हे सगळ्यांना ठाऊक. माझाही कल कुणाकडे ते सगळ्यांना ठाऊक. मी लक्ष्मीला हळूच विचारलं, "तू कुनाला दिलंस गो?"

ती वाढत होती. थांबली. आम्ही एकमेकींपासून काही म्हणजे काही लपवलेलं नाही, माझ्या बाळंतपणापासून तिच्या दुखण्यापर्यंत.

"बाय," ती म्हणाली, "मत हाय ते. कालवन नाय, सगल्यांनी चाखाला."

आणि माझ्या भातावर आणखी एक पळी रस्सा घातला.